मुरुम, पुटकुळ्या आणि मेडिकलमधली ट्यूब : गावाकडून येणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांतली दहावी-बारावीची पोरं, लग्न ठरलेल्या मुली, भरतीची तयारी करणारे तरुण आणि या सगळ्यांच्या आया तोंडावरच्या पुटकुळ्यांबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एक विनंती मात्र आधीच करते. सध्या चेहऱ्याला कुणीतरी सुचवलेली, चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब लावत असाल, तर बाकीचं सोडून आधी त्या ट्यूबबद्दलचे तीन प्रश्न वाचा. मुरुमांनी जेवढे चेहरे खराब होतात, त्याहून जास्त नुकसान त्या ट्यूबने होताना मी बघते.

मुरुम होतात तरी कशामुळे? तोंड धूत नाही म्हणून का?

नाही. मुरुम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. आधी आयांनी पोरांना त्यावरून बोलणं बंद करावं.

आपल्या कातडीवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. वयात येताना शरीरातली संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून राहतात. ठिबकच्या नळीचं ड्रीपर क्षाराने बुजावं तसं ते तोंड बुजतं, पण मागून तेल येतच राहतं. आत साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात. हे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात. शरीर त्यांच्याशी झगडायला लागलं की सूज येते, लाली येते, पू होतो. आई-वडिलांना तरुणपणी जास्त मुरुम आले असतील, तर मुलांना येण्याची शक्यता वाढते. दिवसातून दहा वेळा तोंड धुतल्याने यातलं काहीच बदलत नाही.

सगळ्या पुटकुळ्या सारख्याच असतात का?

नसतात, आणि उपचार प्रकारावर ठरतो. आरशासमोर उजेडात उभे राहा आणि बघा.

नाकावर, हनुवटीवर बारीक काळे ठिपके दिसतात का? ही उघड्या तोंडाची बुजलेली छिद्रं. तो काळेपणा मळाचा नसतो. आतल्या द्रव्याला हवा लागते आणि त्यात कातडीचं रंगद्रव्य असतं, म्हणून ते काळं दिसतं. घासून जात नाही.

कपाळावर, गालांवर कातडीच्याच रंगाचे, हाताला खरखरीत लागणारे बारीक दाणे असतील, तर ती बंद तोंडाची छिद्रं. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण दुखत नाहीत. पण पुढचे लाल मुरुम बहुतेक यांच्यातूनच तयार होतात. म्हणून औषध फक्त मोठ्या पुळीवर ठिपक्यासारखं लावून भागत नाही, त्या सगळ्या भागावर लावावं लागतं.

लाल, टणक, हात लावला की दुखणाऱ्या पुळ्या हा पुढचा टप्पा. टोकाला पिवळसर पांढरा पू दिसला की त्याच्याही पुढचा.

आणि शेवटी गाठी. कातडीच्या खोल आत, वाटाण्याएवढ्या किंवा मोठ्या, ठणकणाऱ्या, आठवडेच्या आठवडे न जाणाऱ्या. कधी त्या मऊ होऊन आत पू साचतो. गालावर, जबड्यावर, पाठीवर, छातीवर येतात आणि जाताना खड्डा किंवा उंचवटा सोडून जातात. अशी एक जरी गाठ दिसली, तरी घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुरुमांबरोबर ताप येत असेल, सांधे दुखत असतील, गाठी फुटून जखमा होत असतील, तर त्याच आठवड्यात जा.

“पोरीले उष्णता झाली जी, म्हणून तोंडावर पुटकुया आल्या.” खरं आहे का?

अर्धवट. चंद्रपूर-अकोल्याच्या बाजूला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घाम, तेल आणि धूळ एकत्र होते आणि आधीचे मुरुम चिघळतात. पण “अंगातली उष्णता” काढायला जुलाब देणं, रक्तशुद्धीचे काढे पाजणं, याने मुरुम जात नाहीत.

उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टींची मुरुमांशी गल्लत होते. एक घामोळ्या : मान, पाठ, काखेजवळ एकदम उठणारे टोचणारे बारीक दाणे, जे थंडाव्याने आपोआप बसतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कपाळ, छाती, पाठ, खांदे इथे एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या, आणि त्यांना खाज. मुरुम दुखतात, फारसे खाजत नाहीत. खाजत असेल तर ती बहुतेक मॅलासेझिया नावाच्या बुरशीची लागण असते. ती घामाने वाढते आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तर उलट भडकते. तिला बुरशीवरचंच औषध लागतं.

मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा साफ झाला, उजळलाही. बंद केली की दुप्पट पुटकुळ्या येतात. असं का?

कारण त्या ट्यूबमध्ये जवळजवळ नक्की स्टेरॉईड आहे.

स्टेरॉईड सूज दाबतं, लाली घालवतं, रंगही फिका करतं. म्हणून पहिले काही दिवस जादू वाटते. मैत्रीण विचारते काय लावलंस, तिला नाव सांगितलं जातं, आणि एका वाड्यातल्या चार मुली तीच ट्यूब लावायला लागतात. काही आठवड्यांनी कातडी पातळ व्हायला लागते. उन्हात गेलं की आग होते, गाल लाल पडतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते. आणि स्टेरॉईडमुळेच नवे मुरुम उठतात, एकाच छापाचे, एकाच वेळी शेकड्याने. ट्यूब थांबवली की आग आणि पुळ्या उसळतात, म्हणून पुन्हा लावली जाते. ही लावणारीची चूक नाही, सवय लागावी असंच ते औषध आहे.

मला यातलं सगळ्यात जास्त लागतं ते हे, की या मुलींपैकी कितीतरी जणींना मुरुमांसाठी नाही, तर “गोरं व्हावं” म्हणून ही ट्यूब घरातूनच दिली जाते. उन्हात वावरात राबणाऱ्या सावळ्या कातडीत काहीही दोष नसतो. रंग उजळणं हा कुठल्याच रोगाचा उपचार नाही.

आपल्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे हे कसं ओळखायचं?

पुढचं मोठं नाव बघू नका, मागचं बारीक वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल, बेक्लोमेथासोन यांपैकी काहीही दिसलं तर ते स्टेरॉईड. “सोन” किंवा “सोलोन”ने संपणारं नाव दिसलं तरी थांबा आणि विचारा. बऱ्याच ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉईड मिसळलेलं असतं. कधी बुरशी, जंतू आणि सूज अशा तिन्हींवर एकच मलम असतं. गजकर्णासाठी आणलेलं तेच मलम घरातली माणसं तोंडालाही लावतात. दोन्हीकडे नुकसान.

वेष्टनावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉईडची अनेक मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली. तरी ती काउंटरवरून मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

ज्या डबीवर किंवा पुडीवर काय घातलंय तेच लिहिलेलं नाही, ती तर चेहऱ्याजवळही नेऊ नका.

मग ती बंद कशी करायची?

आठवडाभरच लावली असेल तर आजच थांबवा. महिनोन्‌महिने लावली असेल तर थांबवायचीच आहे, पण डॉक्टरला दाखवून. एकदम सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, चेहरा जास्त वाईट दिसतो. डॉक्टर कधी कमी ताकदीचं औषध देऊन हळूहळू सोडवतात, आग कमी करायला काही देतात. त्या काळात फक्त सौम्य मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव. ते दिवस कठीण असतात. घरच्यांनी आरशावरून, रंगावरून एक शब्दही बोलू नये.

रोज काय करावं? साधं सांगा.

सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा तोंड धुवा. वावरातून, खेळून, फवारणीवरून आल्यावर अर्थातच धुवा. सौम्य फेसवॉश चालेल. कपड्याचा साबण, अंगाचा उग्र साबण तोंडाला नको. घासणी, दगड, खरखरीत स्क्रब नको.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांना वेगळं सांगावं लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात आणि बोअरचं जड पाणी असेल तिथेही साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस जास्त साबण लावतो, आणि तो धुऊन नीट निघत नाही. कातडी कोरडी पडते, चुरचुरते. साबण कमी घ्या, पाणी जास्त वेळ मारा, आणि जमलं तर शेवटचा तांब्या पिण्याच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्या.

तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं, विशेषतः मुरुमांची औषधं सुरू असताना. जेलसारखं हलकं घ्या, “नॉन-कॉमेडोजेनिक” (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं. दिवसा बाहेर असाल तर एसपीएफ ३० चं जेल सनस्क्रीन. रोज सनस्क्रीन परवडत नसेल तर टोपी आणि सुती दुपट्टा हेही चांगलं संरक्षण आहे. फक्त दुपट्टा रोज धुवा. कालचा घामेजलेला दुपट्टा आज पुन्हा तोंडाला करकचून बांधला, तर घर्षण आणि घामाने गाल-हनुवटीवर पुळ्या वाढतात. उशीचा अभ्रा आणि हेल्मेटची आतली गादी यांचंही तेच.

डोक्याला तेल लावायचंच नाही का?

लावा, पण रात्रभर थापून ठेवू नका. कपाळावर आणि केसांच्या रेषेला दाणे असतील तर तेल हे एक ठळक कारण असतं. धुण्याच्या दोन तास आधी केसांना लावा आणि कपाळावर ओघळू देऊ नका. चेहऱ्याला खोबरेल तेल मात्र मुरुम येणाऱ्यांनी लावू नये.

हळद, बेसन, लिंबू, टूथपेस्ट, संत्र्याच्या सालीची पूड?

बेसन आणि मुलतानी माती कधीमधी लावली आणि न घासता धुतली तर फार बिघडत नाही, पण मुरुम बरे होत नाहीत. हळदीचंही तसंच. लिंबू लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात, फोड येऊ शकतात, आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टने कातडी भाजते. संत्री आपल्याकडे घरोघरी असतात, म्हणून सालीची पूड सगळेच सुचवतात. ती खरखरीत असते, सूज आलेल्या कातडीला ओरखडते. संत्री खा, साल चेहऱ्याला नको.

औषधांमध्ये सुरुवात कशाने करतात?

साध्या मुरुमांसाठी जगभर दोन औषधं आधी वापरतात, आणि दोन्ही जुनी, तपासलेली आहेत.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. २.५ टक्क्यांचं जेल पुरतं. जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा नाही, जास्त जळजळ मात्र होते. याने उशी, टॉवेल, ओढणी यांचा रंग उडतो, म्हणून पांढरा अभ्रा वापरा.

अडापालीन ०.१ टक्का छिद्रं बुजू देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण भागावर पातळ पसरायचं, डोळे-ओठ-नाकाचे कोपरे सोडून. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. चेहरा सोलतो, कोरडा पडतो, कधी सुरुवातीला मुरुम वाढल्यासारखे वाटतात. घाबरून सोडू नका, मॉइश्चरायझर वाढवा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे लावायचं नाही.

क्लिंडामायसिनचं जेल एकटं महिनोन्‌महिने लावणं चुकीचं आहे, जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड लागतं. ही औषधं डॉक्टरला दाखवून घ्या आणि जेनेरिक मागा, खर्च बराच कमी होतो.

किती दिवसांत फरक पडेल?

सहा ते आठ आठवडे, पूर्ण परिणामाला तीन महिने. चार दिवसांत चमकवणाऱ्या ट्यूबला माणसं भुलतात ती इथेच. खरं औषध हळू चालतं.

फोडावं का?

नाही. आत दाबलं जातं, पसरतं, डाग राहतो.

तर्री-पोहे, सावजी, फल्लीचं तेल बंद करू का?

तिखट-तेलकट खाल्ल्याने मुरुम होतात, याला भक्कम पुरावा नाही. साखर आणि मैद्याचं मात्र नातं दिसतं. रक्तातली साखर पटकन वाढवणारं खाणं, म्हणजे दिवसातून चार-पाच गोड चहा, बिस्किटं, टोस्ट, थंड पेयं, पॅकेटमधलं खाणं, यांनी काहींचे मुरुम वाढतात. दुधानेही काहींना त्रास होतो, सगळ्यांना नाही. ज्वारीची भाकर, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी हे आपलं जेवण उत्तम आहे. वाढत्या वयातल्या मुलीला मुरुमांपायी उपाशी ठेवू नका. अमुक खाल्लं की दर वेळी वाढतं असं स्वतःला स्पष्ट दिसलं, तर तेवढंच कमी करा.

पोलीस भरतीची तयारी करतोय. पावडर सुरू केली आणि पाठीवर गाठी आल्या.

पावडरीतल्या व्हे प्रोटीनने, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीनने, काहींचे मुरुम वाढतात. ते थांबवून बघ, फुटाणे, डाळ, अंडी यांतून प्रोटीन घे. पण “महिन्यात वजन वाढेल” म्हणून सुट्या पुडीत मिळणाऱ्या पावडरी आणि गोळ्या यांची मला खरी भीती वाटते. त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल होतो, वजन वाढल्यासारखं दिसतं, छाती-पाठीवर पुळ्यांचा सडा पडतो, आणि आत हाडं, साखर, रक्तदाब सगळं बिघडतं. जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं तर तिथून निघ. अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम न सोडता डॉक्टरला खरं सांग. तो रागावला तरी सांग.

मुलीच्या हनुवटीवर, जबड्यावरच येतात. पाळीही वेळेवर येत नाही.

दोन-तीन महिने पाळी न येणं, हनुवटीवर जाड केस, वजन वाढणं, मानेवर काळसर जाड कातडी, यांतलं काही मुरुमांबरोबर असेल तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. नुसत्या ट्यूबने ते बसणार नाही. पाळीची गोष्ट लपवू नका. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, तिथे मुलगी एकटीनेही बोलू शकते. पाळीच्या आधी आठवडाभर चार पुळ्या येणं मात्र नेहमीचं आहे.

डॉक्टरने गोळ्या लिहिल्या. घ्याव्यात का?

डॉक्सिसायक्लिन मध्यम मुरुमांसाठी देतात, साधारण तीन महिने. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. या गोळीवर असताना ऊन लवकर भाजतं, निंदण-वेचणीला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि दुपट्टा सोडू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये तीन-चार तास ठेवा, लोहामुळे ही नीट शोषली जात नाही. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ही चालत नाही.

आयसोट्रेटिनॉइन गाठींच्या मुरुमांवर सगळ्यात प्रभावी औषध आहे. १९८२ पासून वापरात आहे. ओठ फुटतात, कातडी कोरडी होते, रक्त तपासावं लागतं. पण एक गोष्ट कोरून ठेवावी अशी : या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. सुरू करण्याआधी एक महिना, गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नये. लग्न ठरलं असेल तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ही गोळी कधीच नाही.

काळे डाग आणि खड्डे जातात का?

डाग जातात, वेळ लागतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत सूज उतरल्यावर रंग साठतो, तो फिका व्हायला काही महिने ते वर्ष लागतं. ऊन टाळलं आणि नवे मुरुम थांबवले तर लवकर. अ‍ॅझेलेइक आम्लाचं मलम मुरुम आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि गरोदरपणातही डॉक्टर ते देऊ शकतात. खड्डे कुठल्याही मलमाने भरत नाहीत. त्यांना लेझर, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) असे उपचार लागतात, तेही मुरुम पूर्ण थांबल्यावर, आणि ते महाग असतात. म्हणूनच गाठी असताना वेळेवर उपचार घ्यायचा.

लग्न महिन्यावर आलंय.

महिन्यात चेहरा बदलत नाही, तीन-चार महिने आधी या. आता नवं काहीच सुरू करू नका. ब्लीच नको, रगडून केलेलं फेशियल नको, पहिल्यांदाच लावायचं क्रीम नको. एखादी मोठी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठीत छोटं इंजेक्शन देऊन ती काही दिवसांत बसवू शकतात. हळदीच्या दिवशी हळद चेहऱ्याला नुसती लावा, चोळू नका.

मुरुमांसारखं दिसतं पण मुरुम नाही, असं काय असू शकतं?

आपल्या भागात हे सांगायलाच हवं. चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळीवर न दुखणाऱ्या गाठी, चमकणारी जाडसर कातडी, विरळ होत गेलेल्या भुवया, अंगावर बधिर चट्टा. असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया भागात नवे रुग्ण आजही सापडतात. बाबा आमट्यांचं आनंदवन याच मातीत, वरोऱ्याला उभं राहिलं. आज औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, रोग पूर्ण बरा होतो, लवकर आलात तर विकृतीही येत नाही. लपवण्यासारखं काही नाही.

क्षयाच्या औषधांनीही काहींना मुरुमांसारख्या पुळ्या येतात. त्यासाठी क्षयाचा कोर्स सोडायचा नाही, डॉक्टरला दाखवायचं.

मुलगा कॉलेजला जायला तयार नाही. लोक हसतात म्हणतो.

मग मुरुम कमी असोत की जास्त, त्याला उपचार द्या. “वय झालं की जातील” म्हणू नका. तो जेवत-झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर त्वचेच्या आधी त्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून, फुकट बोलता येतं.

तालुक्याला त्वचेचा डॉक्टर नाही. जायचं कुठे, आणि काय न्यायचं?

सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग असतो : नागपूरला मेडिकल आणि मेयो, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आहे. मोबाईलवरून दाखवायचं तर ई-संजीवनी आहे, आशाताईंना विचारलं तर त्या जोडून देतील. जाण्याआधी ओपीडीचे दिवस आणि वेळ विचारून घ्या, मजुरी बुडवून गेलेली माणसं रिकामी परतलेली बघवत नाहीत.

आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. गोळ्यांची पाकिटं, पुड्या, काढ्याच्या बाटल्याही. चेहऱ्याला पावडर किंवा क्रीम लावून जाऊ नका. पाळी चुकली असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर औषध लिहिण्याआधीच सांगा.